घर बाबांचं, जमीन महाराणीची

मोजा, मोजा काका, टेप गुंडाळू नका — त्या भिंतीपासून या भिंतीपर्यंत अकरा फूट चार इंच येईल, बाबांनी तुम्हाला बारा सांगितलं असणार. सांगितलं ना? ते सगळ्यांना बाराच सांगतात. खोटं नाही हं बोलत, त्यांना खरंच बारा वाटतात, आणि आमच्या बाबांना जे वाटतं ते असतंच, मोजून बघायची पद्धत नाही आमच्यात. बसा. त्या खुर्चीत नको, तिचा एक पाय नुसता टेकवून ठेवलाय — हां, इथे. आईनं चहा टाकलाय आत. बाबांना यायला अजून अर्धा तास तरी आहे, आणि मला काय, दुसरं काम नाही. असं बाबा म्हणतात. तुमच्याशी माझी ओळख कशी करून दिली त्यांनी परवा? 'ही धाकटी, कॉलेज सोडून घरी बसलीय.' नाव सांगितलं? नाही ना. माझं नाव तेच आहे आमच्याकडे, कॉलेज-सोडून-घरी-बसलीय.

तुमचं ते चौकातलं चष्म्याचं दुकान ना? मग बाबांचा चष्मा तुमच्याचकडचा. नाही नाही, तक्रार नाही, नंबर अगदी बरोबर आहे. माणूस वाचतच नसेल तर चष्मेवाल्यानं काय करायचं? — हसू नका, पुढे कामाला येणार आहे हे तुमच्या. मी सकाळपासून बघतेय तुम्हाला. नळ सोडून पाण्याचा जोर बघितलात, भिंतीवर टिचक्या मारून पोकळ आहे का ऐकलंत, खिडक्या उघडल्यात, मिटल्यात, संडासात दोनदा पाणी ओतलंत. मागची खोली तर तुम्हाला फारच आवडली, तिथे तुमचं मनातल्या मनात कपाट ठेवूनसुद्धा झालं, मी बघितलं. आणि एक गोष्ट नाही बघितलीत. सांगू? खाली. खाली बघितलंत का? फरशी नाही हो. फरशीच्या खाली.

म्हणजे तुम्हाला पट्ट्याचं माहीत आहे. बरं. काय सांगितलं बाबांनी? 'नावापुरता पट्टा आहे, एक कागदी उपचार'? असंच म्हणाले असणार, हात असा झटकून. थांबा, मी सांगते, दोन मिनिटांचं काम आहे. हे घर आमचं, म्हणजे बाबांचं. विटा, पत्रे, दारं, नळ, तो गळका टाकीचा कॉक, सगळं बाबांचं. पण ज्या जमिनीवर हे उभं आहे ती आमची नाही. ती एका बाईंची. त्यांच्या सासऱ्यांनी नव्व्याण्णव वर्षांच्या पट्ट्यानं दिलेली, पहिल्या घरवाल्याला. अठ्ठावन्न झाली, एक्केचाळीस राहिली. ती संपली की जमीन बाईंकडे, आणि जमिनीसोबत वरचं जे काय असेल तेही. तोपर्यंत वर्षाला भुईभाडं द्यायचं — अगदी थोडं, एक चप्पलजोड येईल इतकं — आणि घर विकायचं झालं तर जमीनमालकाची लेखी संमती घ्यायची. ती नसेल तर खरेदीखत होत नाही. नोंदणी कार्यालयातला माणूस कागद असा परत सरकवतो, वर बघतसुद्धा नाही. मला माहीत आहे, मी रोज बघते. म्हणून तर बाबा आत्ता तिकडे गेलेत ना. बाईंकडे. संमती आणायला.

तुम्हाला काय म्हणाले, 'ती बाई आपल्या ओळखीची आहे, शब्दाबाहेर नाही'? अहो, बावीस वर्षांत एकदाही पायरी चढलेले नाहीत तिची. घरात तिचं नाव महाराणी. बाबांनीच ठेवलं. का, तर घर घेतलं तेव्हा बाबांनी तुमच्यासारखंच सगळं बघितलं — नळ, भिंती, खिडक्या, आई सांगते दोन तास नळच बघत होते, पाणीखात्यात साहेब होते, नळ बघणारच — आणि कागद? कागदावर नुसत्या सह्या केल्या. चौदा पानं, चौदा सह्या. मी तेव्हा चार महिन्यांची होते, नाहीतर मी वाचली असती. मग सहा महिन्यांनी भुईभाड्याची मागणी आली, तेव्हा कळलं. म्हणजे शेजारीपाजारी, भाऊबंद, ऑफिस, सगळ्यांना 'स्वतःची जागा घेतली, स्वतःची जागा' असं सांगून झाल्यावर. माणूस काय करेल? चूक झाली म्हणेल, बाईंना भेटेल, जमीन विकत देता का विचारेल, तेव्हा वर्षंही जास्त होती, स्वस्तात सुटलं असतं. बाबांनी काय केलं? बाबा त्या बाईवर चिडले. तिनं जमीन असणं हाच तिचा उद्धटपणा! आणि भाडं ते भाडं म्हणून कधी देत नाहीत हं, 'महाराणीचं दान पाठवायचंय' म्हणतात.

आणि पाठवायचं. स्वतः नाही न्यायचं. पट्ट्यात लिहिलंय, भाडं मालकाच्या घरी नेऊन हातात द्यायचं आणि पावती घ्यायची — जुना कागद आहे, जुन्या लोकांना दारात माणूस उभा राहिलेला बघायला आवडत असेल. तर बाबा ऑफिसचा शिपाई पाठवायचे. वीस-बावीस खोल्यांच्या ऑफिसचा शिपाई, आमचं खासगी भाडं घेऊन. निवृत्त झाले, शिपाई सुटला, मग मी. सतराव्या वर्षापासून मी. दादा? दादा कशाला जाईल, दादा तेव्हा अभ्यास करत होता. दादा जन्मल्यापासून अभ्यास करतोय, आता मोठ्या शहरात फ्लॅटच्या हप्त्यांचा करतो.

मला वाटलेलं महाराणी म्हणजे दागिने, कुत्रा, दारात गाडी. दोन खोल्यांत राहते ती! एक्क्याऐंशी वर्षांची, एकटी, खिडकीत रेडिओ. पहिल्यांदा गेले तेव्हा म्हणाली, 'शिपाई बरा होता, तो तरी बसायचा.' मग मी बसले. दर वर्षी बसले. नंतर वर्षातून एकदा कशाला, जाता-येता बसायला लागले. ती मला पत्ते शिकवायची आणि लबाडी करायची, तोंडावर सांगायची, 'मी आता लबाडी करणार, पकड.' आमच्या घरात कुणी असं सांगून करत नाही.

हां, तर पत्र. दोन वर्षांपूर्वी तिनं बाबांना पत्र दिलं, माझ्याच हाती. ती जमीन विकायला काढत होती. आणि पट्ट्यात आहे की विकायची तर आधी घरवाल्याला विचारायचं, तीन महिने वाट बघायची, नाहीतर त्याचा लेखी नकार घ्यायचा. रक्कम इतकी की मी दोनदा वाचली. इतकी कमी. का? तिला दात बसवायचे होते. हसताय काय, पूर्ण जबडा, पक्का, स्क्रूवाला. म्हणाली, 'त्रेचाळीस वर्षांनी जमीन ताब्यात येईल तेव्हा मी एकशे बावीसची असेन, तिचं काय करू? मला आत्ता चावून खायचंय.' दाताच्या डॉक्टरनं सांगितली तेवढी रक्कम तिनं पत्रात लिहिली, एक आकडा इकडे नाही की तिकडे नाही.

मी पत्र घेऊन आले. इथेच, तुम्ही बसलाय तिथे बाबा बसले होते. पाकीट बघितलं, महाराणीचं अक्षर बघितलं, आणि फोडलं — फोडलं हे विशेष — पहिली ओळ वाचली, 'आपल्या घराखालील माझी जमीन.' झालं! 'माझी' वाचलं आणि पुढचं वाचलंच नाही. आकडा खालच्या परिच्छेदात होता. तो बघितला असता तर आज तुम्ही चहाची वाट बघत नसता. मी म्हटलं, बाबा, पुढे वाचा तरी. म्हणाले, 'तू आधी पास हो, मग मला शिकव.' आणि पत्र उलटं केलं, पेन काढलं आणि मागे लिहिलं, मला पाठ आहे: 'सदर जमीन आमचीच आहे. आमचीच वस्तू विकत घेण्याची आम्हाला आवश्यकता नाही. पुनश्च असा पत्रव्यवहार करू नये.' खाली सही. खाली तारीख. आणि शिक्का! निवृत्त होताना शिक्का घरी आणलाय ना, कार्यालय अधीक्षक. तो शाईत बुडवून असा दाणकन. मग मला म्हणाले, 'जा, फेक तिच्या तोंडावर.'

फेकलं नाही. दिलं. वाटेत थांबून मास्तरांना दाखवलं आधी. मास्तर म्हणजे नोंदणी कार्यालयासमोर पत्र्याच्या शेडखाली बसतात ते, दस्त लिहून देतात. मी त्यांच्याकडे टाइप करते, खरेदीखत, बक्षीसपत्र, हक्कसोड, दिवसाला सहा-सात. आता ही घरी-बसलीय कशी, ते बाबांना विचारा. मास्तरांनी ते वाचलं, चष्मा पुसला, परत वाचलं. म्हणाले, 'चाळीस वर्षं झाली मला इथे बसून, इतका स्वच्छ नकार बघितला नाही. लोकांना वकील लावून असा नकार लिहून मिळत नाही. वर शिक्का!' म्हणजे काय, समजलं का तुम्हाला? त्या तीन ओळींनी बाबांनी स्वतःचा हक्क सोडला. त्या दिवसापासून बाई जमीन कुणालाही विकायला मोकळी झाली. कुणालाही. रस्त्यावरच्या माणसाला.

तर मी म्हणत होते काय, की हे असं आहे, जमिनीचं काही खरं नसतं, मालक बदलतात, नवा मालक कसा असेल, संमती देईल न देईल, तुमच्यासारख्या सरळ माणसानं असल्या भानगडीत — हो, इसार दिलाय तुम्ही, माहीत आहे. मिळेल परत. बाबा पैशाचे चोख आहेत, तेवढं त्यांचं म्हणायला हवं. बघा म्हणजे, तुमचं भलं म्हणून सांगतेय. नवा मालक खाष्ट आहे. मागची खोली बांधताना बाबांनी परवानगी घेतली नव्हती, पट्ट्याचा भंग आहे तो, नवा मालक म्हणेल पाडा. मग? कपाट कुठे ठेवाल? पाहणी करायचाही हक्क असतो मालकाला, वर्षातून एकदा, आठ दिवस आधी नोटीस देऊन. महाराणी बिचारी कधी आली नाही, पण मी तर दोन्ही वर्षं केली. नोटीस फ्रिजवर लावली, आठ दिवस होती, बाबा रोज त्याच्याखालून पाण्याची बाटली काढायचे. आठव्या दिवशी पाहणी. बाबा पेपर घेऊन बसलेले, मी भिंतींना हात लावत फिरतेय, म्हणाले, 'काय रिकामी फिरतेस, काहीतरी कर.' म्हटलं, करतेच आहे की —

काय?

नाही, 'मी' नाही म्हटलं. म्हटलं? तुमचे कान बरे आहेत हो, चष्म्याच्या दुकानात वाया चाललेत.

बरं. बोललेच आहे तर. आणि बाबा आत्ता जिथे गेलेत तिथे त्यांना ते आता कळतच असेल, तुम्ही पाच मिनिटं आधी ऐकलंत इतकंच. हो. मी घेतली. माझ्या नावावर आहे. ही भिंत, तो नळ, तुम्ही बसलाय ती धड पाय असलेली खुर्ची बाबांची, आणि तिच्याखालची जमीन माझी, फाटकापासून मागच्या कुंपणापर्यंत, पाताळापर्यंत जाईल तिथवर. पैसे? बाबांनी माझ्या नावावर ठेव ठेवली होती, तिसऱ्या आणि चौथ्या वर्षाच्या फीची. महाराणीचा आकडा आणि माझी फी — थोडेसे वर राहिले, त्यात नोंदणी बसली. आता तुम्हीच सांगा. दोन वर्षं मी असं कॉलेज केलं होतं जिथे सर फळ्याकडे तोंड करून बोलायचे आणि मी खिडकीकडे तोंड करून ऐकायचे, दोन विषय राहिले होते, राहिलेच असते. पुढची दोन वर्षं त्यात घालायची, की आई-बापाच्या पायाखालची जमीन घ्यायची? मी ठेव मोडली. कॉलेजला सांगितलं येत नाही, महाराणीला सांगितलं तोंड उघड. आमची जमीन आत्ता तिच्या तोंडात आहे, बत्तीस तुकडे, परवा ऊस खात होती.

नाही, घरी नाही सांगितलं. कॉलेज सोडलं एवढंच सांगितलं. बाबा म्हणाले, 'आणि पैसे?' — नाही, थांबा, तेही नाही म्हणाले. तेच तर. म्हणाले, 'उडवलेस.' प्रश्न नाही, निकाल. मी अजून तोंड उघडायची होते आणि निकाल लागून दादाला फोनसुद्धा झाला. उडवले, उडवले, उडवले. आत्या आली, तिला सांगितलं. समोरच्या बँकवाल्यांना सांगितलं. तुम्हालाही सांगितलंच असेल. दोन वर्षांत एका माणसानं, एकानंही, विचारलं नाही की बाई, कुठे उडवले? माणूस इतके पैसे उडवतो तर काहीतरी आणतो ना घरी, साडी, फोन, एखादा भामटा तरी! मी तर काहीच आणलं नाही, मग गेले कुठे? नाही. विचारायचं नाही. विचारलं तर उत्तर ऐकावं लागतं. परवा तर म्हणाले, 'या घरातला एक चौरस फूट तुला मिळणार नाही.' मी म्हटलं, वरचा ना? म्हणाले, 'म्हणजे?' म्हटलं, काही नाही.

आणि भाडं? भाडं चालू आहे की! बाबा दर वर्षी त्याच तारखेला पाकीट माझ्या हातात देतात, 'जा, महाराणीला दान देऊन ये.' मी घेते. मागच्या खोलीत जाते, पावती टाइप करते, परत येऊन देते. पावतीवर माझं नाव आहे काका, माझी सही, 'भाडेपट्टा धारक यांजकडून भुईभाडे मिळाले.' दोन्ही वर्षांच्या पावत्या बाबांनी पंच मारून फाइलला लावल्यात. पहिल्या वर्षी म्हणाले, 'महाराणी आता टाइप करून देते वाटतं, सुधारली.' तेवढंच. खोटं मी काहीच केलेलं नाही, बघा, सगळं लेखी आहे, सगळं फाइलमध्ये आहे. त्या पैशाची मी आईला चप्पल घेते. पायातली बघा तिच्या, चहा घेऊन आली की, ते यंदाचं भाडं.

आईला? नाही, आईला नाही माहीत. — माहीत आहे. हळू बोला. आईला फाइल पुसताना कळलं. आई पुसते तेव्हा उघडून पुसते. एक दिवस मी जेवत होते, समोर येऊन बसली, म्हणाली, 'मग आता मी तुझी भाडेकरू का?' आणि हसली काका. माझी आई तशी हसत नाही, तोंडावर पदर घेते आणि खांदे हलवते, त्या दिवशी तोंड उघडून हसली. मग म्हणाली, 'आत्ता सांगू नकोस. लागेल तेव्हा.' मी म्हटलं कधी लागेल? म्हणाली, 'घर विकायला काढतील तेव्हा.' दोन वर्षांपूर्वी! तेव्हा विकायचं कुणाच्या डोक्यातही नव्हतं.

आता का काढलंय माहीत आहे ना? दादाचे हप्ते. घर विकायचं, पैसे दादाला द्यायचे आणि दादाकडे जाऊन राहायचं, वर, नवव्या मजल्यावर. दादाला जुळं झालंय, वहिनीची नोकरी. बाबा म्हणतात, 'हिला आता आराम.' जुळ्यांजवळ आराम! आईला विचारलं का? बाबांनी एका जेवणात सांगितलं, विकतोय, वाढताना आईचा डाव जरा थांबला आणि बाबा म्हणाले, 'भात.' झाली चर्चा. आईचं इथे काय आहे म्हणून नका विचारू, त्या कुंपणापाशी तिनं शिवणाची तीन यंत्रं लावलीत शेजारच्या दोघींबरोबर, शाळेचे गणवेश शिवतात. बाबा त्याला खटखट म्हणतात. 'तिकडे गेल्यावर ती खटखट तरी बंद होईल.' आणि माझं काय? 'तू तुझं बघ.' हे मात्र ठीक आहे. ते मी बघितलंय.

तर संमतीचं विचाराल तर — मी सही करणार नाही. आई बोलली तर करेन. तिनं एकदा तोंडानं म्हणावं, मला जायचंय, मी उद्याच्या उद्या मास्तरांकडे बसून स्वतः टाइप करून देईन, तुमच्या नावात एक चूक करणार नाही. ती म्हणणार नाही.

काय म्हणालात? मला? जमीन तुम्हाला? किती? — अहो, महाराणी याच्यात दोन जबडे बसवेल. नाही नाही, रागावले नाही, उलट आवडलं मला, तुम्ही पहिलेच माणूस ज्यानं मला विचारलं. पण जमत नाही काका. मलाही तोच नियम, विकायची तर आधी घरवाल्याला पत्र द्यायचं. म्हणजे बाबांना. आणि बाबांना पत्र दिलं तर काय होतं ते आत्ताच सांगितलं.

लिहिलंय. खोटं कशाला बोलू, पत्र लिहिलेलं आहे. चारदा लिहिलं. हसण्यासाठीच सुरुवात केली होती, 'आपल्या घराखालील माझी जमीन', अगदी तीच पहिली ओळ, की बघू पुढे वाचतात का. आणि खालच्या परिच्छेदात रक्कम लिहायची तिथे — तिथे काही लिहिलं नाही मी. शून्य लिहिलं. नुसती देऊन टाकते म्हणून. हे घर एकदाचं पूर्ण व्हावं असं वाटलं, वर-खाली मिळून एक. त्या माणसानं बावीस वर्षं सगळ्यांना सांगितलंय ना, स्वतःची जागा, मग होऊ दे खरं. अट एकच घातली होती, की मला विचारा, पैशाचं काय केलंस. अगदी वाईट आवाजात विचारा, ओरडून विचारा, पण शेवटी प्रश्नचिन्ह पाहिजे. — हे तुम्हाला कशाला सांगतेय मी? तुम्ही तर नळ बघायला आला होतात. पत्र दिलं नाही. पहिली ओळ वाचून फाडतील आणि शून्य बघणारच नाहीत, म्हणून नाही दिलं. ते बघितलं नाही तर मला फार — जाऊ दे. चहा अजून आला नाही.

अर्धा तास झाला चहाला. आई! ... ऐकू नाही येत तिला. ऐकू येतंय, शिवणाचं यंत्र तर बंद आहे. गॅसही बंद आहे वाटतं.

एक मिनिट. बाबा आज स्वतः गेले. मी म्हटलं होतं, मी आणते संमती, नेहमी मीच जाते. मी ठरवलं होतं, आठ दिवस टोलवायचं, बाई आजारी आहे, बाई गावाला गेली, तुम्ही कंटाळाल, दुसरं घर बघाल, कुणालाच काही कळायला नको. सकाळी बाबा मला हाक मारणार इतक्यात आई म्हणाली, 'तिला नका पाठवू, एवढं मोठं काम आहे, तुम्ही साहेब माणूस, तुम्हीच जा.' असं म्हणाली. चपला पुढे आणून ठेवल्या त्यांच्या. मला वाटलं, चुकून बोलून गेली. काका, माझी आई चुकून बोलत नाही. आणि तुम्हाला आजच बोलावलं कुणी? बाबांनी? — आईनं फोन केला? तिनं? 'मुलगी घरी आहे, ती सगळं दाखवेल'? म्हणजे मी तुमच्याशी बोलणार, आणि थांबणार नाही, हे तिला ... आई!

आले. तो आवाज फाटकाचा. बसून राहा, हलू नका, ते आता आरडाओरडा करत येतील, करू दे, मी तयार आहे, दोन वर्षं तयार आहे, एकेका वाक्याला उत्तर आहे माझ्याकडे, क्रमानं — का थांबले? खिडकीतून बघा ना जरा, तुम्हाला दिसतं तिथून. उभे आहेत? फाटकाच्या आत की बाहेर? बाहेर. हातात काय आहे? काही नाही. खाली बघतायत? खाली म्हणजे कुठे, चपलांकडे की — जमिनीकडे.

ऐकलंत? काय म्हणाले? मला ऐकू आलं, तुम्ही सांगा. 'मालकीणबाई, येऊ का आत?' असंच म्हणाले ना? कसं म्हणाले पण? टोमणा होता? टोमणाच असणार, टोमणाच मारतात ते. पण मग फाटक का धरून ठेवलंय? टोमणा मारून माणूस आत येतो ना? प्रश्न होता का तो? शेवटी आवाज वर गेला की खाली? अहो तुम्ही सांगा ना, तुमचे कान बरे आहेत —

काय उत्तर देऊ? क्रमात हे वाक्यच नव्हतं.

उठा काका. मागच्या दारानं जा, खोलीतून, कडी वरची आहे. इसार संध्याकाळपर्यंत मिळेल. उठा म्हणते ना, आमच्या घरातली गोष्ट आहे ही, तुम्ही इथे काय बसलाय ऐकत?